खोका क्रमांक नऊ

समिती येणार म्हणून
सावदा रस्त्यावरच्या आमच्या बिझनेस स्कूलमध्ये
तीन महिने आधीच सगळ्यांची नावं बदलली.
शिकवण्याचं झालं अध्ययन-निष्पत्ती,
परीक्षेचं मापन,
आणि कँटीनमागच्या निंबाखाली
पोरं आडतीचे भाव बोलत बसायची, त्याचं
उद्योगजगताशी संवाद.

मी पुराव्यांचा माणूस.
पाच वर्षांचा कागद बारा खोक्यांत भरायचा.
खोके केळीचेच, आखातात जाणारे,
दोन्ही अंगांना हवेची भोकं असलेले.
भंगाळ्यांच्या पॅकहाउसमधून
सुपडूअण्णांनी सायकलवर आणले, तीन खेपांत.
'कायचं मोजू ऱ्हायले, सर?'
म्हटलं, आपण किती बरे आहोत ते.
'कोन ठरवीन?'
एक बाई बेल्जियमच्या, एक गृहस्थ लिस्बनचे, एक मलेशियाचे.
अण्णा भोकातून आत बघत म्हणाले,
'घडाले हात लावल्याबिगर
त्याईले कसं कळीन?'

ध्येयवाक्याचे अकरा मसुदे झाले.
'जागतिक' अकराही ठिकाणी होतं.
'केळी' फक्त तिसऱ्यापर्यंत टिकली,
चौथ्यात अत्तरदे सरांनी लाल शाईनं काढली.
कंपाउंडच्या भिंतीपलीकडे
त्यांचीच चार हजार खोडं उभी होती.

एप्रिल. पंचेचाळीस.
कूलरच्या वाळ्यावर पाणी मारायला खास एक माणूस.
लिस्बनचे गृहस्थ घाम पुसत
आमच्या आलेखांना मान डोलवत राहिले.
बेल्जियमच्या बाई मात्र पाहुण्यासारख्या वागेनात.
त्यांनी खोका नऊ उघडला,
'विद्यार्थी-प्रगती',
आणि यादीवर बोट ठेवलं:
प्रवेश साठ, उत्तीर्ण एकोणसाठ.
ही एक?

नजमा तडवी. गाव पालच्या बाजूला, डोंगरात.
तिसऱ्या सत्रात गेली.
कागदावर 'वैयक्तिक कारण'.
मी तेच वाचून दाखवलं, हळूच, इंग्रजीत.

मला ठाऊक होतं ती कुठं आहे.
पॅकहाउसच्या काट्यावर, हातात जाडी मोजायचं कॅलिपर.
कोणती फणी जहाजाला, कोणती गावच्या बाजाराला,
ती बोट लावून सांगते आणि तेच होतं.
बायांची मजुरी रोजावर होती
ती तिनं खोक्यावर आणली,
आणि मुकादमाला आकडे लिहायला लावले
समोर, शाईनं.
खर्चाचा हिशेब मी शिकवला होता तिला,
पहिलं प्रकरण तेवढं.
दुसऱ्याची फी भरायची राहिली.

बाईंनी खोका फिरवला.
बाजूला जाड मार्करनं लिहिलेलं:
१३.५ किलो. न. त.
हे काय?
सर माझ्याकडे बघत होते.
मी म्हणालो, वजन.
केळीचं वजन, मॅडम, जुना खोका आहे.
बाईंनी तेही टिपून घेतलं,
म्हणजे मला तसं वाटलं.

मान्यता मिळाली. तीन वर्षं, अटींसह.
पितळी पाटी लागली, पेढे वाटले,
पुढच्या वर्षी फी वाढली.
चौथी अट अशी होती:
जे मध्येच जातात
त्यांच्याविषयीचे पुरावे दुबळे आहेत.
ती अट सरांनी मला फाइल करायला दिली,
मी केली.

परवा पुन्हा पॅकहाउसला गेलो,
फेरतपासणीचे खोके मागायला.
ती काट्यावरून उठली नाही.
'किती?'
बारा.
'परत तेच, सर?'
मी हसलो बहुतेक.
तिनं एकेक खोका उलटा धरून
तळाला अंगठा दाबून पाहिला.
दहा माझ्याकडे सरकवले.
दोन मागं फेकले,
'हे नाही टिकायचे,'
आणि पुढच्या घडाकडे वळली.